स्ट्रिंगचे पहिले धडे मराठी शब्दांवर गिरवावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याच्या सुमारास पदविका, बी.सी.एस., बी.सी.ए. आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू होतात आणि राज्यभरातले असंख्य विद्यार्थी प्रथमच प्रोग्रामिंगला हात घालतात. काही आठवड्यांतच त्यांच्यासमोर स्ट्रिंग, म्हणजे मजकूर साठवण्याचा प्रकार, येतो. शब्दाची लांबी मोजा, शब्द उलटा करा, दोन शब्द सारखे आहेत का ते तपासा, अशी ठरलेली प्रात्यक्षिके जर्नलमध्ये उतरवली जातात आणि पहिल्यापासून शेवटच्या प्रात्यक्षिकापर्यंत सगळे शब्द इंग्रजीच असतात. तालुक्याच्या गावी हा विषय शिकवणारी अध्यापिका म्हणून मला असे ठामपणे वाटते की, या पद्धतीत स्ट्रिंगमधल्या बहुतेक अडचणी झाकल्या जातात. उदाहरणाला मराठी शब्द घेतला की त्या पहिल्याच तासाला समोर येतात. हेच विद्यार्थी पुढे ग्रामपंचायतीचे दाखले, पतसंस्थांची खाती, शाळांचे निकाल आणि दवाखान्यांच्या नोंदी सांभाळणारे प्रोग्राम लिहिणार आहेत आणि तिथला मजकूर बहुतांशी मराठी असतो. म्हणून नवशिक्यांना उपयोगी पडतील अशा काही गोष्टी आपल्या वृत्तपत्राद्वारे मांडाव्यात, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सुरुवात लांबीपासून करू. ‘महाराष्ट्र’ या शब्दाची लांबी किती, असे विचारले तर वाचणारा माणूस चार अक्षरे मोजतो: म, हा, रा, ष्ट्र. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतले लांबी सांगणारे ‘लेन’ हे फंक्शन मात्र दहा असे उत्तर देते, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या प्रमाणकात, काना हे स्वतंत्र चिन्ह आहे, जोडाक्षरातले प्रत्येक व्यंजन स्वतंत्र आहे आणि व्यंजनाचा पाय मोडल्याची खूणही स्वतंत्र आहे. हाच शब्द यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीने फाइलमध्ये ठेवला की तीस बाइट, म्हणजे साठवणुकीची लहान एकके, लागतात, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह या पद्धतीत तीन बाइट घेते. चार, दहा आणि तीस ही तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. इंग्रजी शब्दांत हे तिन्ही आकडे बहुधा सारखेच येत असल्यामुळे विद्यार्थ्याला आपण नेमके काय मोजतो आहोत हा प्रश्नच पडत नाही. माझी पहिली सूचना अशी की, लांबी मोजणारी ओळ लिहिण्यापूर्वी ती कशासाठी हवी आहे ते ठरवावे. पडद्यावर किती अक्षरे दिसतील हे हवे असेल तर अक्षरे मोजावीत, आणि साठवणुकीची जागा ठरवायची असेल तर बाइट मोजावेत. मधल्या आकड्याचा, म्हणजे युनिकोड चिन्हांच्या संख्येचा, सामान्य वापरकर्त्याशी फारसा संबंध येत नाही.

बाइट मोजण्याचे महत्त्व कळायला आपल्याकडचे ताजे उदाहरण पुरेसे आहे. २०२३ साली औरंगाबाद जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. ‘औरंगाबाद’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये २४ बाइट घेतो, तर ‘छत्रपती संभाजीनगर’ मधली जागा धरून ४९ बाइट घेते. जिल्ह्याच्या नावासाठी तीस बाइटांचा रकाना ठेवलेल्या कोणत्याही प्रणालीत पहिले नाव बिनतक्रार बसेल आणि दुसरे एकतर नाकारले जाईल किंवा मधेच तुटेल. डेटाबेसमध्ये रकान्याची लांबी तीस लिहिली म्हणजे तीस काय, हेही तपासावे लागते. मायएसक्यूएलमध्ये तो आकडा चिन्हांचा असतो, ओरॅकलच्या मूळ मांडणीत तो बाइटांचा धरला जातो. मोबाइलवरच्या लघुसंदेशालाही असाच हिशेब लागू होतो: इंग्रजी संदेशात १६० चिन्हे मावतात, मराठी संदेशात ७०, आणि त्यांत काना, मात्रा, वेलांटी सगळे वेगवेगळे मोजले जाते. संदेश पाठवणारा प्रोग्राम लिहिणाऱ्याने हे लक्षात घेतले नाही तर एका संदेशाचे दोन होतात आणि संस्थेचे बिल वाढते.

सी भाषेत शिकणाऱ्यांसाठी येथेच एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. सी मध्ये स्ट्रिंगच्या शेवटी एक शून्य बाइट असतो, त्यामुळे ‘महाराष्ट्र’ साठवायला ३१ बाइटांचा अॅरे, म्हणजे मेमरीतल्या घरांची रांग, लागतो. विद्यार्थ्याने अक्षरे मोजून दहा किंवा वीस घरे ठेवली तर उरलेला मजकूर शेजारच्या मेमरीवर लिहिला जातो. मजकूर वाचून घेणारे ‘गेट्स’ हे फंक्शन आलेल्या मजकुराची लांबी तपासतच नाही. १९८८ साली इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्म या उपद्रवी प्रोग्रामने याच उणिवेचा एक मार्ग म्हणून वापर केला होता आणि २०११ च्या सी प्रमाणकातून हे फंक्शन काढून टाकण्यात आले. तरीही ते काही जर्नलांत अजून लिहून घेतले जाते, हे थांबायला हवे. त्याच्या जागी ‘एफगेट्स’ वापरावे आणि त्याला अॅरेचा आकार सांगावा.

लांबीनंतर कापणे येते. यादीत नाव लांब दिसते म्हणून पहिली सात चिन्हे घ्या असे सांगितले की ‘महाराष्ट्र’चे ‘महाराष्’ होते. आद्याक्षरांच्या बाबतीत ही चूक अधिक खटकते, कारण आपल्याकडे आद्याक्षर काना-मात्रेसह आणि जोडाक्षरासह लिहिण्याची रीत आहे. पुरुषोत्तमचे ‘पु.’, चिंतामणीचे ‘चिं.’ आणि त्र्यंबकचे ‘त्र्यं.’ होते, स्ट्रिंगमधले शून्याव्या स्थानावरचे चिन्ह घेणारा प्रोग्राम मात्र प., च. आणि त. छापतो. ‘त्र्यं’ या एका अक्षरात सहा युनिकोड चिन्हे आहेत, तेव्हा किती चिन्हे घ्यावीत याचा ठरावीक आकडा सांगताच येत नाही. यासाठी मजकुराचे अक्षरांत तुकडे पाडणारी तयार साधने वापरावीत. पायथॉनमध्ये स्वतंत्रपणे घ्यावे लागणारे ‘रेजेक्स’ मॉड्यूल आहे, जावास्क्रिप्टमध्ये ‘इंटल सेगमेंटर’ आहे, आणि स्विफ्ट भाषेत तर स्ट्रिंगचा मूळ घटकच असा अक्षरसमूह आहे. एक काळजी मात्र घ्यावी: देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरे एकसंध मानण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली, आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारी लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, असेल तर ‘क्ष’चे दोन तुकडे पडतात.

शब्द उलटा करण्याचे प्रात्यक्षिकही याच अंगाने घ्यावे. ‘पुणे’ हा शब्द चिन्हे उलटी लावून छापला की सुरुवातीला मात्रा लोंबकळते आणि शब्द वाचताच येत नाही. दोन्ही बाजूंनी सारखे वाचले जाणारे वाक्य ओळखायला सांगताना इंग्रजी शब्दच का द्यावेत? ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य अक्षरांनी मोजले तर अगदी चोख उलटसुलट सारखे आहे, पण चिन्हे उलटी करणारा प्रोग्राम त्याला नापास करतो. आणि ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य दिले तर अक्षरांनुसार चालणारा प्रोग्रामसुद्धा नकार देतो, कारण सुरुवातीचा ‘चि’ ऱ्हस्व आणि शेवटचा ‘ची’ दीर्घ आहे. बोलताना आपण हा फरक सोडून देतो. तो प्रोग्रामनेही सोडावा की नाही, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवून तसा नियम लिहावा लागतो. एवढ्याशा उदाहरणातून विद्यार्थी जे शिकतो ते इंग्रजी शब्दांची पानभर उदाहरणे सोडवूनही हाती लागत नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या मुद्द्याकडे येते. डोळ्यांना तंतोतंत सारखे दिसणारे दोन मराठी शब्द संगणकाच्या लेखी वेगळे असू शकतात, आणि मराठी मजकुरात शोध न लागण्याचे ते एक मोठे कारण आहे. ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला खास मराठी ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हानेही लिहिता येतो आणि साधा र व त्याखालचा नुक्ता (टिंब) अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो. हे दोन प्रकार युनिकोडच्या नियमांनुसार समतुल्य आहेत, म्हणून मजकुराचे एनएफसी रूप, म्हणजे समतुल्य प्रकारांसाठी युनिकोडने ठरवलेले एकच रूप, करून घेतले की ते एक होतात. पायथॉनच्या ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमध्ये त्यासाठी ‘नॉर्मलाइझ’ हे फंक्शन आहे. पण टंकलेखनाची तिसरीही जुनी रीत आहे: साधा र, त्याचा पाय मोडल्याची खूण आणि त्यानंतर ‘झेडडब्ल्यूजे’ हे न दिसणारे, शून्य रुंदीचे जोडचिन्ह. हा प्रकार एनएफसीने एकरूप होत नाही. त्यावर काही जण मजकुरातली सगळी अदृश्य चिन्हे सरसकट पुसून टाकण्याचा उपाय करतात. तसे केल्यास ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो, आणि ‘आचाऱ्यास’ लिहिलेले निरोपपत्र ‘आचार्यास’ जाते. म्हणून क्रम असा ठेवावा की, आधी र, खूण आणि जोडचिन्ह या त्रयीच्या जागी ऱ आणि खूण ही जोडी घालावी, मग एनएफसी करावे आणि त्यानंतरच उरलेल्या अदृश्य चिन्हांचा विचार करावा.

‘ॲप’, ‘बँक’, ‘ऑफिस’ अशा शब्दांच्या काळात दुसरे उदाहरण रोज भेटते. ‘ॲ’ हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत, आले. तोपर्यंत लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत आणि अजूनही अनेक कळफलक तसेच लिहितात. शिवाय हिंदीच्या वळणाने ‘ऍप’ असे लिहिणारेही आहेत. हे तिन्ही प्रकार युनिकोड समतुल्य मानत नाही, त्यामुळे एनएफसी येथे उपयोगी पडत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतः एक रूप ठरवून बाकीची दोन त्यात बदलून घ्यावीत. हे काम मजकूर आत घेतानाच करावे आणि वापरकर्ता जो शब्द शोधतो त्यावरही तेच फंक्शन चालवावे.

मजकूर तपासण्याचे नियम लिहिताना तर अन्यायच घडतो. नावात फक्त अक्षरे आहेत ना, हे पाहायला विद्यार्थी पायथॉनचे ‘इजअल्फा’ वापरतात. ते ‘कमल’ हे नाव मान्य करते आणि ‘कमला’ अमान्य करते, कारण काना त्याच्या हिशेबी अक्षर नाही. ज्या नावात काना, मात्रा, वेलांटी, उकार किंवा अनुस्वार आहे ते प्रत्येक मराठी नाव या चाळणीत अडकते. पायथॉनच्या ‘आरई’ मॉड्यूलमध्ये शब्दातले चिन्ह दाखवणारी ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ ही खूणही मात्रांपाशी शब्द तोडते. यावर उपाय म्हणून काही जण चौकटी कंसात ‘अ-ज्ञ’ असे लिहितात आणि संपूर्ण वर्णमाला घेतल्याच्या समाधानात राहतात. ‘ज्ञ’ हे तीन चिन्हांचे जोडाक्षर असल्यामुळे त्या नियमाचा अर्थ अ ते ज, पाय मोडल्याची खूण आणि ञ एवढाच होतो. झ पासून ह पर्यंतची ञ सोडून सगळी व्यंजने बाहेर राहतात. देवनागरीचा युनिकोडमधला विभाग ०९०० पासून ०९७एफ पर्यंत १२८ जागांचा आहे, तो पुरा घ्यावा, जोडचिन्ह स्वतंत्रपणे मान्य करावे आणि नको असलेले अंक व दंड वगळावेत. त्याहून चांगले म्हणजे, माणसाच्या नावावर अशा चाचण्या शक्यतो लावूच नयेत.

अंकांच्या बाबतीत उलटे होते. पायथॉनमध्ये ‘१२३’ या देवनागरी स्ट्रिंगचे पूर्णांकात रूपांतर सहज होते आणि अंक तपासणारी ‘बॅकस्लॅश डी’ ही खूणही देवनागरी अंक मान्य करते, पण जावास्क्रिप्टचे ‘नंबर’ फंक्शन तेच अंक नाकारते. म्हणजे पायथॉनने तपासून पुढे पाठवलेला मोबाइल क्रमांक जावास्क्रिप्टमध्ये अडकू शकतो. अंक आत घेतानाच एका लिपीत आणावेत.

अंकांसारखी दिसणारी प्रत्येक गोष्ट संख्या नसते, हेही मुलांना सांगावे लागते. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही ते स्ट्रिंग म्हणूनच ठेवावे. खाते क्रमांक संख्या म्हणून घेतला तर सुरुवातीची शून्ये गळतात आणि स्प्रेडशीटमध्ये पंधरा अंकांपलीकडचे अंक शून्य होऊन बसतात. जमिनीच्या नोंदी हाताळणाऱ्यांना दुसरा अनुभव येतो: ‘७/१२’ किंवा ‘४/२’ असा गट आणि हिस्सा इंग्रजी अंकांत लिहिला की स्प्रेडशीट त्याची तारीख करून टाकते आणि मूळ मजकूर परत मिळत नाही. हा त्रास एवढा व्यापक आहे की २०२० साली मानवी जनुकांना नावे देणाऱ्या समितीने काही जनुकांची नावेच बदलली, कारण स्प्रेडशीट त्यांना महिन्याची नावे समजत होते. बँकेच्या शाखेचा आयएफएससी संकेत अकरा चिन्हांचा असतो आणि त्यातले पाचवे चिन्ह शून्यच असते. तिथे कोणी इंग्रजी ‘ओ’ टाइप केला तर तो पकडणारी एक ओळ प्रोग्राममध्ये असावी.

नावाचे तुकडे पाडण्याविषयी स्पष्ट सांगते: पाडू नयेत. रिकाम्या जागेवर ‘स्प्लिट’ करून पहिला शब्द नाव आणि शेवटचा आडनाव मानणारा प्रोग्राम महाराष्ट्रातल्या शाळांच्या नोंदींवर चालतच नाही, कारण तिथे आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे किंवा पतीचे नाव लिहिण्याची पद्धत आहे. काहींना आडनावच नसते. वेगवेगळे भाग हवे असतील तर वेगवेगळे रकाने विचारावेत. पत्त्याचेही तसेच. स्वल्पविरामावर तोडलेली सीएसव्ही फाइल ‘शनिवार पेठ, पुणे’ आली की कोलमडते, म्हणून भाषेसोबत येणारे सीएसव्ही मॉड्यूल वापरावे.

काही गोष्टी थोडक्यात सांगते, कारण त्या कोणत्याही भाषेतल्या मजकुराला लागू आहेत आणि सरावाने अंगवळणी पडतात. पायथॉन, जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंग एकदा तयार झाली की बदलत नाही. ‘स्ट्रिप’ किंवा ‘रिप्लेस’ नवी स्ट्रिंग देते, ती पुन्हा चलात ठेवली नाही तर काहीच झालेले नसते. जावामध्ये दोन स्ट्रिंगांची तुलना ‘इक्वल्स’ने करावी, दोन बरोबर-चिन्हांनी नाही. मोठ्या लूपमध्ये एकेक तुकडा जोडत बसण्याऐवजी तुकडे यादीत गोळा करून शेवटी ‘जॉइन’ करावे. वापरकर्त्याने दिलेला मजकूर जोडून डेटाबेसला आज्ञा देणारे एसक्यूएलचे वाक्य कधीही बनवू नये, तो पॅरामीटर म्हणूनच, म्हणजे वाक्यापासून वेगळा, द्यावा. आणि ‘स्ट्रिप’ने सगळ्या रिकाम्या जागा जातात असेही समजू नये, कारण संकेतस्थळावरून उचललेल्या मजकुरातली शून्य रुंदीची जागा पायथॉनच्या ‘स्ट्रिप’ने जात नाही.

फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे चिन्हे बाइटांत साठवण्याची पद्धत, नेहमी लिहावे. विंडोजवर पायथॉनने फाइल उघडताना ते सांगितले नाही तर यंत्राचे जुने एन्कोडिंग धरले जाण्याचा संभव असतो आणि मराठी मजकूर लिहिताना प्रोग्राम थांबतो. एक्सेलमध्ये उघडायची सीएसव्ही फाइल असेल तर ‘यूटीएफ-८-सिग’ असे लिहावे. त्यामुळे फाइलच्या सुरुवातीला खूण पडते आणि एक्सेल मराठी अक्षरे ओळखते.

शेवटी क्रम लावण्याविषयी. संगणक युनिकोडच्या क्रमांकांनुसार क्रम लावतो आणि तिथे ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसलेला आहे. म्हणून आडनावांच्या यादीत ‘काळे’ हे ‘कावळे’ आणि ‘कासार’ यांच्या आधी येतात. आपण शाळेत शिकलेल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो आणि त्यापुढे क्ष आणि ज्ञ येतात, त्यामुळे काळे हे कासारांच्या नंतर यायला हवेत आणि ‘क्षमा’ व ‘ज्ञानदा’ यादीच्या तळाशी. यासाठी आयसीयू या युनिकोड मजकूर हाताळणाऱ्या लायब्ररीला भाषा मराठी असल्याचे सांगून क्रम लावून घ्यावा आणि तयार झालेली यादी एकदा स्वतः वाचून पाहावी.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना आणि तंत्रशिक्षण मंडळाला माझी विनंती आहे की, स्ट्रिंगच्या प्रत्येक प्रात्यक्षिकात इंग्रजी उदाहरणासोबत एक मराठी उदाहरण बंधनकारक करावे आणि तोंडी परीक्षेत त्यावर एक प्रश्न विचारावा. त्यासाठी नवे पुस्तक, नवे यंत्र किंवा वेगळा तास लागत नाही. तोवर विद्यार्थ्यांनी स्वतःच एका लहान फाइलमध्ये महाराष्ट्र, त्र्यंबक, कमला, दऱ्या, ॲप, काळे, क्षमा, छत्रपती संभाजीनगर आणि ‘७/१२’ एवढे शब्द लिहून ठेवावेत, आणि मजकूर हाताळणारा कोणताही प्रोग्राम पूर्ण झाला असे म्हणण्यापूर्वी तो या फाइलवर चालवून पाहावा.

आपली विश्वासू,
संगणकशास्त्राची एक अध्यापिका,
जि. सातारा